म्हणे हात चांगला आहे!

परवा मामीचा फोन आला. मामेबहिणीला पाचवा लागलाय आणि नाव कुठे घालायचं यावर घरात खलबतं चालू आहेत. मामीचं ठरलेलंच होतं. "त्या डॉक्टरांचा हात चांगला आहे गं. टाका दिसतसुद्धा नाही."

मी विचारलं, "कसला टाका?"

पलीकडे जरा शांतता. मग, "अगं म्हणजे... वेळ आलीच तर."

वेळ यायला चार महिने आहेत आणि टाका कसा दिसेल ते आत्ताच ठरलंय! दोन दिवस त्या एका वाक्यावर धुमसतेय, म्हणून शेवटी लिहायला बसले. मामी, तू हे वाचणार आहेस हे मला ठाऊक आहे. रागव, पण शेवटपर्यंत वाच.

साधी साडी घ्यायची तर आपण दुकानदाराकडून चार घड्या उलगडून घेतो, रंग जाईल का विचारतो. आणि बाळंतपणासाठी विचारतो काय, तर खोलीत एसी आहे का, घरचा डबा चालतो का, गाडी लावायला जागा आहे का. फारच धीर केला तर नवव्या महिन्यात, दारातून बाहेर पडता पडता, "डॉक्टर, नॉर्मल होईल ना?" यावर कुठलाही डॉक्टर म्हणणार, "प्रयत्न तर करूच." २००९ साली मलाही हेच उत्तर मिळालं होतं आणि मी खूश होऊन, वाटेत उसाचा रस पिऊन घरी आले होते.

तारीख उलटून तीन दिवस झाले. कळा नाहीत. "वाट कशाला बघायची? उद्या सकाळी उपाशीपोटी या." गेले. सलाइनमधून कळांचं औषध सुरू झालं. पोटाला ठोके मोजायच्या मशीनचा पट्टा, त्यामुळे उठायचं नाही, चालायचं नाही, कुशीवरसुद्धा वळायचं तर विचारून. घोटभर पाणी मागितलं तर नर्स माझ्याकडे अशी बघायला लागली की जणू मी भेळ मागितली. नवरा बाहेर बाकावर, आई जिन्यात. संध्याकाळी सहाला "पुढे सरकत नाहीये", साडेसहाला सही, सात वाजून दहा मिनिटांनी चिरंजीव. बाळ छान, मी ठीक. मग तक्रार कसली, असं तेव्हा सगळ्यांनीच विचारलं. (आत्या, तू तर पेढा तोंडात धरून विचारलं होतंस.)

तक्रार ही, की माझ्याशी कुणीही खोटं बोललं नाही आणि तरीही संध्याकाळचं ऑपरेशन सकाळीच ठरल्यासारखं झालं. तारखेच्या नेमक्या दिवशी फारच थोडी बाळं येतात. तीन दिवस म्हणजे उशीर नव्हे. गर्भपिशवीचं तोंड तासाला एक सेंटीमीटर उघडलंच पाहिजे, हा जो हिशोब माझ्या केसपेपरवर मांडला होता, त्याचं मूळ न्यूयॉर्कच्या एका डॉक्टरने १९५५ साली पाचशे पहिलटकरणींवरून काढलेल्या आलेखात आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ मध्ये स्पष्ट सांगितलं की हा वेग प्रत्येकीला लावू नका, कळांचा खरा जोर पाच सेंटीमीटरपासून धरा, आणि आई-बाळ ठीक असतील तर केवळ वेग कमी म्हणून घाई करू नका. धोका नसलेल्या बाईला तो पट्टा सतत बांधायची गरज नाही, मधून मधून ठोके ऐकले तरी पुरतं. तिला हिंडू द्या, खाऊपिऊ द्या, तिच्या पसंतीचं माणूस शेजारी असू द्या, हेही त्यातच आहे. मला मिळालं ते याच्या बरोब्बर उलट. २००९ मध्ये हा कागद नव्हता हे कबूल. आता आहे ना? मग मामेबहिणीलाही तोच बाक आणि तोच जिना का?

"हल्लीच्या मुलींना कळा सोसवत नाहीत" हे वाक्य तर मला कुणी पुन्हा ऐकवू नये. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाचे आकडे बघा. २००५-०६ मध्ये देशात शंभरातली साडेआठ बाळंतपणं सिझेरियनने होत होती, २०१९-२१ मध्ये साडेएकवीस. त्यातही सरकारी दवाखान्यांत सुमारे चौदा आणि खासगीत सत्तेचाळीस! चौदा आणि सत्तेचाळीस यांच्यामध्ये बायकांची सोसण्याची ताकद बदलते का? सरकारी आकड्यातही सगळं आलबेल नाही, तिथे जिला खरंच ऑपरेशन हवं होतं तिला ते मिळालं नाही असंही होतं. पण खासगीतल्या जवळजवळ निम्म्या बायकांचं शरीर एकाएकी बाळंत व्हायला नालायक झालं, हे काही मला पटत नाही.

डॉक्टर लुटारू आहेत असं मी म्हणत नाही. एकट्याच्या जिवावर चालणारं छोटं नर्सिंग होम डोळ्यांसमोर आणा. रात्री तीनला कळा वाढल्या तर भूलतज्ज्ञ फोन करून बोलवायचा, तो दुसरीकडे अडकलेला, मुलांचे डॉक्टर गावाच्या पलीकडच्या टोकाला. बाळाचं काही बरंवाईट झालं तर नातेवाईक काचा फोडणार. चौदा तास जागून नॉर्मल केलं तर बिल कमी, पाऊण तासात ऑपरेशन केलं तर जास्त. अशा माणसाला संध्याकाळी सातला निर्णय घ्यावासा वाटला तर त्यात दुष्टपणा नाही. पण म्हणूनच तो "प्रयत्न" किती करणार हे त्याच्या स्वभावावर नाही, त्याच्या दवाखान्याच्या घडीवर ठरतं. ती घडी आपण विचारत नाही. उलट पंचांग उघडून "मंगळवारी चतुर्थी आहे, सोमवारीच घ्या" म्हणणारे आपल्याच घरात निघतात. (नावं घेत नाही.)

आता दुसरी बाजू. "पूर्वी कुठे होती हॉस्पिटलं?" म्हणणाऱ्यांना माझ्या पणजीची गोष्ट सांगते. अकरा बाळंतपणं, जगलेली मुलं सहा, आणि तिची सख्खी जाऊ बाळंतपणातच गेली. निसर्ग मायाळू वगैरे नसतो. २०१८-२० मध्ये महाराष्ट्रात लाख जिवंत जन्मांमागे तेहेतीस माता दगावल्या. हा आकडा एवढा खाली आला त्यात दवाखाने, रक्तपेढ्या आणि सिझेरियनसुद्धा आहे. त्यामुळे घरात टब आणून बाळंत व्हा असलं काही मी सांगत नाहीये. मला ऑपरेशन थिएटर हवंच आहे. फक्त ते भिंतीपलीकडे असावं, माझ्या केसपेपरवर आधीपासून नसावं.

२०१३ मध्ये धाकटीच्या वेळी मी शहाणी झाले होते. चौथ्या महिन्यातच तीन डॉक्टरांकडे गेले, वही घेऊन. पहिल्यांनी "एकदा सिझर म्हणजे नेहमी सिझर" म्हणून पाच मिनिटांत वाटेला लावलं. दुसऱ्या गोड बोलल्या, पण रात्री तुम्ही स्वतः येता का, यावर हसून विषय बदलला. तिसऱ्या बाईंनी आधी मलाच प्रश्न विचारले. जुने कागद आणले का, छेद आडवा होता की उभा, त्यानंतर ताप आला होता का. मग म्हणाल्या, जुना टाका उसवण्याचा धोका असतो, शंभरात एकीपेक्षा कमी, पण असतो. म्हणून रक्त आणि भूलतज्ज्ञ चोवीस तास असतील अशाच ठिकाणी मी हे करते, नर्सिंग होममध्ये नाही. मी भीत भीत विचारलं, तुमच्याकडे पहिलटकरणींत सिझर किती होतात? बाईंनी रजिस्टर ओढलं आणि माझ्यासमोर बोटाने मोजायला सुरुवात केली. मी तिथेच नाव घातलं. आकडा चांगला होता म्हणून नव्हे. त्यांना तो प्रश्न अपमान वाटला नाही म्हणून.

धाकटी सतरा तासांनी आली. नवरा पाठ चोळत होता, मध्येच मी पेज प्यायले, आणि शेवटी उताणं नाही, कुशीवर. मधल्या काळात मी "कापा एकदाचं" असं दोनदा ओरडले होते, हेही प्रामाणिकपणे सांगते. बाई म्हणाल्या, "ठोके छान आहेत. अजून अर्धा तास देऊ या?" 'देऊ या' म्हणाल्या.

हा आकडा विचारण्यात काही जगावेगळं नाही. २०१७ मध्ये मुंबईतून एक मोठी ऑनलाइन याचिका निघाली होती, रुग्णालयांनी आपलं सिझेरियनचं प्रमाण जाहीर करावं म्हणून, आणि तेव्हाच्या महिला व बालविकास मंत्री मेनका गांधींनी ती उचलून धरली होती. तरीही मी ज्या दवाखान्यांच्या पायऱ्या चढले त्यांतल्या एकाही फलकावर मला तो दिसलेला नाही. बाळाच्या फोटोंचे कोलाज मात्र भिंतभर. मोठ्या रुग्णालयात गुंतागुंतीच्या केसेस जास्त, म्हणून आकडा जास्त, हे उत्तर मला मान्य आहे. पण मग तसं सांगा, पहिलटकरणींचा वेगळा सांगा. हसून विषय बदलू नका.

तर मामी, शनिवारची वेळ घेतली आहेस ना त्या चांगल्या हाताच्या डॉक्टरांची? रद्द करू नकोस. मी येते बरोबर. त्यांना विचारू, रात्री कोण असतं, हिला चालू देणार का, तारीख उलटली तर किती दिवस थांबणार, आणि तू आत येऊ शकतेस का. शेवटचा प्रश्न तूच विचार. २००९ मध्ये माझी आई जिन्यात बसली होती तेव्हा तिच्याजवळ तूच होतीस.