‘नॅनो’ लिहिलं म्हणजे दात वाचले का?

मंडईत वांगी घेताना आपण देठ बघतो, दाबून पाहतो, कीड नाही ना याची खात्री करतो आणि मग भाव करतो. तीच चोखंदळ माणसं ‘नॅनो’ लिहिलेली महागडी टूथपेस्ट मात्र एकही प्रश्न न विचारता पिशवीत टाकतात. हे मला खटकतं.

‘डॉक्टर, तुम्ही फिजिशियन, तुमचा दातांशी काय संबंध?’ असं कोणी विचारेल. हिरड्यांचा जुना आजार आणि मधुमेह एकमेकांना खतपाणी घालतात, हा संबंध. साखर वाढली की हिरड्या बिघडतात. हिरड्यांत संसर्ग मुरला की साखर आटोक्यात येणं अवघड होतं. म्हणून माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येक मधुमेही पेशंटला मी तोंड उघडायला लावतो.

नॅनो हे माप आहे, गुण नव्हे

एक नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग. आपल्या केसाची जाडी साधारण ८० हजार ते १ लाख नॅनोमीटर असते. १०० नॅनोमीटरपेक्षा लहान कणांना ढोबळमानाने नॅनोकण म्हणतात. नुसतं ‘एक किलो’ म्हटल्यावर कांदे की बटाटे हे कळत नाही. तसंच नुसतं ‘नॅनो’ म्हटल्यावर काहीच कळत नाही. कण कशाचे, किती आणि कशासाठी, हे विचारायलाच हवं.

मग हे सगळं थोतांड आहे का?

अजिबात नाही. दाताचं वरचं कवच, म्हणजे इनॅमल, वजनाने सुमारे ९६ टक्के खनिज असतं. त्याच जातीचं खनिज म्हणजे हायड्रॉक्सीअपॅटाइट. त्याचे नॅनोकण इनॅमलमधली सूक्ष्म छिद्रं भरतात आणि दातांची संवेदनशीलता कमी करतात. जपानने १९९३ मध्येच त्याला दातकीड रोखणारा घटक म्हणून मान्यता दिली. पण ते फ्लोराइडपेक्षा सरस आहे, असं मात्र सिद्ध झालेलं नाही.

फिलिंगचंही तेच. सिलिका किंवा झिर्कोनियाचे नॅनोकण घातलेल्या कॉम्पोझिटला छान चकाकी येते. पण ते फिलिंग किती वर्षं टिकेल, हे डेंटिस्टच्या हातावर आणि तुमच्या रोजच्या घासण्यावरही ठरतं. चांदीचे नॅनोकण प्रयोगशाळेत जंतू मारतात हे खरं. पण काचेच्या बशीतले जंतू मारणं वेगळं आणि तुमची दाढ वाचवणं वेगळं.

सुरक्षिततेबद्दलही ‘नॅनो’ हा एक शब्द पुरत नाही. युरोपच्या तज्ज्ञ समितीने २०२१ मध्ये सांगितलं की नॅनो हायड्रॉक्सीअपॅटाइट सुरक्षित आहे असं म्हणण्याइतका पुरावा नाही. नवी माहिती आल्यावर २०२३ मध्ये तिनेच ठरावीक आकाराचे कण टूथपेस्टमध्ये १० टक्क्यांपर्यंत सुरक्षित मानले. सुईसारख्या टोकदार कणांना मात्र तिची हरकत होती. तिथे २०१३ पासून घटकांच्या यादीत अशा घटकापुढे ‘नॅनो’ लिहावंच लागतं. तशी सक्ती आपल्याकडेही व्हावी. जाहिरातीत ठळक आणि यादीत गायब, हे चालणार नाही.

खरा शत्रू तव्यावर भाजला जातोय

माझं खरं भांडण वेगळंच आहे. त्याच मंडईत पहाटेपासून राबणाऱ्या कितीतरी मावश्या दिवसाची सुरुवात मशेरीने करतात. मशेरी म्हणजे तव्यावर काळी होईपर्यंत भाजून कुटलेली तंबाखू. ‘दाताला लावते, खात नाही’ असं त्या सांगतात. पण निकोटीन हिरड्यांतून थेट रक्तात जातं. टूथपेस्ट आणि दंतमंजनात तंबाखू घालायला सरकारने १९९२ मध्येच बंदी केली. घरच्या तव्यापर्यंत तो कायदा पोचत नाही.

मुंबईत १२१७ गरोदर बायकांवर केलेला एक अभ्यास २००४ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात बिनधुराची तंबाखू, मुख्यतः मशेरी, वापरणाऱ्या आयांच्या बाळांचं वजन सरासरी १०५ ग्रॅमने कमी भरलं. तोंडाच्या कॅन्सरचा धोका वेगळाच. यावर कुठलाही नॅनोकण उतारा नाही.

मंडईची इमारत बांधायचं ठरत होतं तेव्हा जोतीराव फुल्यांनी त्या खर्चाला विरोध केला होता. हा पैसा शिक्षणावर घाला, असं त्यांचं म्हणणं होतं. १८८६ मध्ये ‘रे मार्केट’ उभं राहिलं आणि पुढे त्याला त्यांचंच नाव मिळालं. आधी काय आणि नंतर काय, हा त्यांचा प्रश्न दातांनाही लागू आहे.

म्हणून आधी एवढं करा

- फ्लोराइडची साधी पेस्ट घ्या. आपल्याकडे मर्यादा १००० पीपीएमची आहे. ट्यूबवर आकडा आणि मुदत बघा.
- दोनदा घासा. रात्रीचं घासणं चुकवू नका.
- लहान मुलांना तांदळाच्या दाण्याएवढी, तीन वर्षांनंतर वाटाण्याएवढी पेस्ट पुरे.
- मशेरी बंद करा. एकटीला जमत नसेल तर डॉक्टरांना सांगा, मदत मिळते.
- तोंडातली जखम किंवा पांढरा-लाल चट्टा दोन आठवड्यांत गेला नाही, तर लगेच दाखवा.
- ठणका लागायची वाट न बघता वर्षातून एकदा डेंटिस्टकडे जा.

एवढं करून पैसे उरले आणि तुमच्या डेंटिस्टने कारण सांगून सुचवली, तर नॅनो पेस्ट खुशाल वापरा. पण मशेरीची डबी घरात ठेवून नको.