प्रवाळाची निवड : रंगाआधी उगम पाहा

घरातील नव्या सागरी मत्स्यटाकीत कोणते प्रवाळ ठेवावे, हा प्रश्न केवळ हौसेचा नाही. पहिले काही महिने टाकीतील पाणी अस्थिर असते. त्यात मऊ प्रवाळ तग धरतात. ॲक्रोपोरासारखे कठीण प्रवाळ बहुधा दगावतात. एक मेला की दुसरा आणला जातो आणि मागणीचा भार अखेर समुद्रावरच पडतो. तो समुद्र आधीच तापला आहे. २०२४ मध्ये प्रवाळ-विरंजनाची चौथी जागतिक लाट जाहीर झाली. लक्षद्वीपलाही तिची झळ बसली. गोव्यात ग्रांडे बेटाभोवतीही प्रवाळ आहेत. कठीण प्रवाळांना २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीचे कवच असून ते समुद्रातून काढणे गुन्हा आहे. म्हणूनच ज्याचा उगम विक्रेता कागदोपत्री दाखवू शकत नाही, तो प्रवाळ कितीही देखणा असला तरी नाकारणेच इष्ट.