फळवाटप पुरे, आधी कपाटाची किल्ली द्या!

कामानिमित्त एका वृद्धाश्रमात गेले होते. संध्याकाळचे सहा वाजलेले, ताटं वाढली जात होती. एक आजी म्हणाल्या, "मला आत्ता भूक नाही गं." सेविका म्हणाली, "आजी, नंतर मिळणार नाही." आजी मुकाट्याने जेवल्या. का? तर स्वयंपाकी सातला घरी जातो.

आयुष्यभर दुसऱ्याच्या शेतात राबून लेकरं वाढवलेल्या या बाईच्या कपाटाला कुलूप नाही. मोबाइल ऑफिसात जमा. उशाशी ठेवलेला बाबासाहेबांचा फोटोही काढायला लावलेला. "हॉलमध्ये देवघर आहे ना सगळ्यांसाठी!" सगळे म्हणजे नेमके कोण?

दोष त्या सेविकेचा नाही. एकटी बाई एवढ्या जणांचं हगणं-मुतणं काढते, तेही तुटपुंज्या पगारावर. दोष आहे तो वृद्धाश्रमाला दानधर्माचं दुकान समजणाऱ्या मानसिकतेचा. वाढदिवसाला यायचं, केळी वाटायची, फोटो काढायचा आणि पुण्य घेऊन जायचं. दान घेणाऱ्याने तक्रार करायची नसते, हे मनुवादी गणित इथेही चालतं.

कायदा तरी काय सांगतो? २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याचं कलम १९ प्रत्येक जिल्ह्यात किमान १५० निराधार ज्येष्ठांसाठी वृद्धाश्रमाची गोष्ट करतं, पण तीही सरकार 'उभारू शकेल' अशा सोयीच्या भाषेत. त्याच कलमात सेवांचा दर्जा ठरवण्याबद्दल लिहिलंय. कोणत्या सेवा? वैद्यकीय आणि करमणुकीच्या! माणसाच्या मर्जीबद्दल चकार शब्द नाही.

संस्थाचालक म्हणतील, हे सगळं त्यांच्या सुरक्षिततेसाठी. मग निवडणुकीला याच आजींना गाडीत बसवून मतदानाला कसं नेता? खासदार निवडायला त्या सक्षम, आणि जेवणाची वेळ निवडायला नालायक? २५ नोव्हेंबर १९४९ रोजी बाबासाहेबांनी संविधान सभेत बजावलं होतं की, मताचं मूल्य समान असून भागत नाही, माणसाचंही मूल्य समान हवं. ते साठीनंतर कमी होत नाही.

म्हणून मागण्या साध्या आहेत. कपाटाला कुलूप, किल्ली ज्याची त्याच्याकडे. मोबाइल स्वतःजवळ. उशाशी कोणाचा फोटो, हे ज्याचं त्याने ठरवायचं. जेवणाच्या वेळा रहिवाशांची समिती ठरवेल आणि सेविकांना किमान वेतन मिळेल.

कार्यकर्त्यांनो, पुढच्या जयंतीला वृद्धाश्रमात फळं घेऊन जाऊ नका. कागद-पेन घेऊन जा आणि आजीला विचारा, "तुम्हाला काय पाहिजे?"

जयभीम!