सापडला का?

रविवारी सकाळी तुम्ही काय करता? माझं उत्तर एकदम टिपिकल. अकराला उठायचं, चहा घेऊन पेपर चाळायचा, मग आईचा फोन आणि ‘नाश्ता केलास का’ या प्रश्नाला बिनधास्त खोटं उत्तर. तुमचंही थोड्याफार फरकानं हेच असणार. एकट्यानं राहण्याची हीच तर मजा, नाही का? कुणी विचारणारं नाही, कुणाला सांगायचं नाही.

नेहमीची बॉस, ब्रेकअप आणि बिर्याणीची चर्चा पुढच्या आठवड्यात. आज एका मुलाबद्दल लिहायचंय. घटना पुण्यातली, काही पावसाळ्यांपूर्वीची. त्याचं नाव, कंपनीचं नाव, वर्ष, काहीच लिहीत नाही. त्याच्या घरच्यांना आता कुणाचे प्रश्न नको आहेत.

सोमवारी रात्री साडेनऊला मावसभावाचा फोन आला.

‘ताई, तुझी पोलिसांत ओळख आहे ना?’

‘काय करून ठेवलंस?’

‘मी नाही गं. आमचा रूममेट सापडत नाहीये.’

‘कधीपासून?’

पलीकडे शांतता. मग, ‘बहुतेक कालपासून.’

त्या ‘बहुतेक’वर मी जाम भडकले. एका टू बीएचकेमध्ये चार मुलं राहतात आणि त्यातला एक कधीपासून घरात नाही हे कुणालाच माहीत नाही? पण नंतर विचार केला, तर त्यांची तरी काय चूक? चौघांच्या चार शिफ्ट. एकाला वाटलं तो आत झोपलाय. दुसऱ्याला वाटलं गावी गेलाय. माझ्या भावाला काहीच वाटलं नव्हतं. सोमवारी रात्रीच्या शिफ्टच्या बसला तो आला नाही म्हणून टीम लीडरनं फोन केला, तेव्हा यांनी त्याच्या खोलीचं दार उघडलं. शनिवारी रात्रीची शिफ्ट संपवून तो रविवारी सकाळी डेक्कनला बसमधून उतरला होता. म्हणजे जवळजवळ दीड दिवस त्याला कुणी शोधलंच नव्हतं.

पोलिसांत माझी ओळख वगैरे काही नव्हती. फ्रीलान्स जर्नलिस्टची ओळख फक्त चहावाल्यांशी असते. आम्ही गेलो त्या पहिल्या चौकीत उत्तर मिळालं, ‘चोवीस तास थांबा, मित्राकडे असेल.’ दुसऱ्या ठिकाणी, ‘हद्द आमची नाही.’ तिसऱ्या ठिकाणी तक्रार घेतली. हे मुद्दाम लिहितेय, कारण आपल्या सगळ्यांच्या डोक्यात हिंदी सिनेमानं ते चोवीस तास पक्के बसवलेत. असा कुठलाही नियम नाही. माणूस दिसत नाही अशी शंका आली की त्याच क्षणी तक्रार देता येते.

त्याची बाइक रात्री साडेबाराला सापडली. नदीपात्रातल्या रस्त्याच्या वरच्या अंगाला, नीट स्टँडवर लावलेली आणि किल्ली तशीच लटकलेली.

पुणेकरांना नदीपात्र म्हणजे काय हे सांगायला नको. फुकट पार्किंग! वर्षातले बहुतेक दिवस मुठेची धार इतकी बारीक असते की ही नदी आहे हेच आपण विसरून जातो. मग पावसाळ्यात खडकवासल्यातून पाणी सोडतात, भोंग्यावरून ‘गाड्या काढा’ची घोषणा होते, आणि आपण पेपरात ‘इतके हजार क्युसेक विसर्ग’ असं वाचून पान उलटतो. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट, म्हणजे साधारण २८ लिटर. जुलै २०२४ मध्ये सिंहगड रोडची एकतानगरी पाण्यात गेली, तेव्हा विसर्ग ३५ हजार क्युसेकच्या घरात पोचला होता. हिशेब करा. सेकंदाला जवळपास दहा लाख लिटर. दहा हजार लिटरचे शंभर टँकर, दर सेकंदाला!

या मुलाच्या रविवारी पाणी तेवढं नव्हतं. पण माणूस पडायला तेवढं लागतही नाही. जोरात वाहणारं अर्धा फूट पाणी मोठ्या माणसाचे पाय उचलू शकतं. दोन फुटांत मोटार वाहून जाते. त्याची बाइक शनिवारी संध्याकाळपासून खाली उभी होती. हप्ते चालू होते. बसमधून उतरल्यावर पाणी चढताना दिसलं, तर तो खाली जाणारच. तुम्ही-मी गेलो नसतो?

मंगळवारी सकाळी अग्निशमन दलाची रबरी बोट पाण्यात उतरली. लाइफ जॅकेट घातलेले जवान, दोर, गळ, लांब बांबू. भिडे पुलापासून संगमापर्यंत, मुठा जिथे मुळेला मिळते तिथपर्यंत. त्या दिवशी त्याच्या ऑफिसमधून बावीस जण आले होते. सगळ्यांच्या गळ्यात आयकार्ड, हातात त्याचा फोटो. फोटो गोव्याच्या ट्रिपचा, गॉगल घातलेला. त्याचा बिनगॉगलचा फोटो कुणाकडेच नव्हता.

आणि पुलावर गर्दी. पाणी बघायला आलेली. भाजलेलं कणीस हातात धरून लोक विचारत होते, ‘काय झालं? कुणी उडी मारली का?’ दुपारपर्यंत ‘लव्ह मॅटर’ झालं होतं. संध्याकाळपर्यंत ‘डिप्रेशन’. ऑफिसमधल्या एका मुलीनं मला बाजूला घेऊन हळूच सांगितलं, ‘हल्ली तो गप्प असायचा.’ मी लगेच वहीत लिहिलं. खरं सांगते, तेव्हा माझ्या डोक्यात स्टोरी तयार होत होती. नाइट शिफ्ट, एकटेपणा, शहर. हेडिंगसुद्धा सुचलं होतं.

त्या रात्री त्याचे वडील आले, मराठवाड्यातल्या एका तालुक्याच्या गावाहून. एसटीनं, सोबत मामा. बुधवारी सकाळी झेड ब्रिजवर उभं राहून ते बराच वेळ खाली बघत राहिले. आपण ज्या ब्रिजवर फक्त जोडपी बघायला शिकलो, तिथे मी पहिल्यांदाच कुणाला नदी बघताना पाहिलं.

‘ताई, एवढं पाणी रोजच असतंय का इथं?’

‘नाही काका. धरणातून सोडलं की येतं.’

‘त्याला पोहता येत नाही. आमच्याकडं नदीला पाणीच नसतंय, शिकणार कुठं?’

यावर काय बोलायचं? टँकरची वाट बघत मोठा झालेला मुलगा पाण्यात गेला होता.

तेव्हा मला वहीतलं ते ‘गप्प असायचा’ आठवलं आणि लाज वाटली. मी स्टोरी मागे ठेवली आणि जे मला खरंच येतं तेवढंच करायचं ठरवलं. लोकांना विचारत फिरणं. नदीपात्राच्या वरच्या बाजूला एक चहाची टपरी होती. टपरीवाले दादा रविवारी सकाळी तिथेच होते. ते म्हणाले, ‘लाल जर्किनवाला पोरगा होता. स्वतःची गाडी वर आणली, लावली, आणि परत खाली गेला. एक स्कूटर आडवी पडली होती, ती उचलत होता. मी आरडलो, अरे राहू दे. तेवढ्यात गिऱ्हाईक आलं. परत बघितलं तर कुणी नव्हतं. मला वाटलं गेला असेल निघून.’

स्कूटर कुणाची, हे कुणालाच कळलं नाही. लाल जर्किनवाला हाच होता का, याची खात्री दादा देईनात. भाऊ म्हणाला, त्याच्याकडे लाल जर्किन होतं आणि ते आता खोलीत नाही. माझ्याकडे एवढंच होतं. मी वडिलांना ते तसंच्या तसं सांगितलं, वर स्वतःचं काही लावलं नाही. ते ऐकून घेतलं आणि मामाला म्हणाले, ‘त्याचंच काम असंल. दुसऱ्याच्या गाडीला हात लावायची खोडच होती.’ पहिल्यांदाच ते थोडंसं हसले.

बुधवारी ऑफिसचे पाच जण आले. गुरुवारी दोन. मी कुणाला दोष देत नाही. रजा संपतात, डेडलाइन असते. पण बोटीतले जवान रोज येत होते, आणि खाली मांजरीकडचे होडीवालेही. हे भोई लोक पिढ्यान्‌पिढ्या नदीवर मासे धरणारे. पाणी कुठे वळतं, कुठल्या वळणावर काय अडकतं हे त्यांना पाठ. त्यातल्या एका आजोबांनी १२ जुलै १९६१ चा पूर लहानपणी पाहिला होता, पानशेत फुटलं तेव्हाचा. ते म्हणाले, ‘नदी आपल्याकडं काही ठेवत न्हाई बाई. पण देती तिच्या टायमाला.’

तो ‘टायम’ काय असतो हे एका जवानानं मला समजावलं, वडील ऐकणार नाहीत अशा बेतानं. बुडालेलं शरीर आधी तळाला जातं. मग आत वायू तयार होतो आणि ते वर येतं. पाणी कोमट असेल तर दोन-तीन दिवसांत, थंड आणि खोल असेल तर आणखी उशिरा. आणि वाहत्या नदीत जिथे बुडालं तिथे वर येत नाही. पुलाचे खांब, बंधारे, काठची बाभूळ, जलपर्णी, कुठेही अडकू शकतं. म्हणून दिवस जातील तसा शोध खाली-खाली सरकतो. बंड गार्डन, मुंढवा, मांजरी, थेऊर. पुढे भीमा.

गुरुवारी संध्याकाळी मामांनी मला विचारलं, ‘नाहीच सापडला तर?’ मामा झेडपीत क्लार्क. त्यांना कागद कळत होते. मला उत्तर माहीत होतं आणि सांगवत नव्हतं. देहच मिळाला नाही, तर बहुतेक वेळा कायदा थांबायला सांगतो. ज्यांना त्याची खबर मिळायला हवी होती त्यांना सात वर्षं काहीच कळलं नाही, तर तो हयात नाही असं कोर्ट धरू शकतं. १८७२ च्या पुरावा कायद्यातली ही तरतूद. १ जुलै २०२४ पासून त्याच्या जागी आलेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही सात वर्षंच आहेत. तोवर त्याचा पीएफ, विमा, बँकेतले पैसे, सगळं अडकू शकतं. आणि त्याची आई सात वर्षं त्याच्याबद्दल ‘आहे’ म्हणणार की ‘होता’? आम्ही मित्रमंडळी बुधवारपासूनच ‘होता’वर आलो होतो. वडील अजूनही ‘त्याला तिखट चालत नाही’ असंच म्हणत होते.

आपण सगळे पाण्यात शोधत होतो आणि मनातून तो पाण्यात सापडू नये असंच वाटत होतं. शुक्रवारी सकाळपर्यंत मात्र मी उलटी प्रार्थना करायला लागले होते.

सकाळी सात वाजता ग्रुपवर भावाचा मेसेज आला. एकच शब्द. ‘सापडला.’

दोन मिनिटांनी कुणीतरी लिहिलं, ‘थँक गॉड!!! कुठे होता हिरो?’ सोबत तीन हसरे चेहरे. मुलगी सुट्टीवर होती, तिला मधलं काही माहीत नव्हतं. ग्रुपवर चाळीस जण होते. तिला खरं सांगायला कुणीच धजेना. शेवटी मीच फोन केला.

थेऊरच्या अलीकडे, बाभळीच्या बुडाशी जलपर्णीत अडकला होता. होडीवाल्यांनीच बघितलं. पाच दिवसांत चेहऱ्यावरून ओळखणं शक्य नव्हतं. ओळख पटली ती लाल जर्किनवरून आणि गळ्यातल्या आयकार्डावरून. प्लॅस्टिकचं असल्यामुळे त्याचं काही बिघडलं नव्हतं.

पंचनामा, पोस्टमॉर्टेम, अँब्युलन्स. निघताना वडिलांनी त्या होडीवाल्या आजोबांच्या हातात पैसे ठेवायचा प्रयत्न केला. त्यांनी घेतले नाहीत. मग दोघं काही न बोलता तसेच उभे राहिले.

स्टोरी मी तेव्हा लिहिली नाही. एवढी वर्षं का नाही लिहिली, तर त्यात ‘अँगल’ नव्हता. प्रेमप्रकरण नाही, चिठ्ठी नाही. एक मुलगा होता, रात्रभर काम करून दमलेला, आणि त्यानं बहुधा कुणाची तरी पडलेली स्कूटर उचलली. पण त्याच्या ऑफिसच्या आसपास अजूनही कुणी ‘तो सुसाइडवाला’ म्हणतं असं कळलं, म्हणून आज लिहिलं.

त्या दिवशी पोलिस चौकीत टेबलावर ते आयकार्ड उलटं पडलं होतं. मागच्या बाजूला छापलं होतं : ‘सापडल्यास कृपया खालील पत्त्यावर परत करा.’ खाली कंपनीचा पत्ता. घरचा नाही.

तुमचं आयकार्ड आत्ता हातात घ्या आणि उलटं करून बघा. माझ्या भावाच्या फ्लॅटवर आता फ्रिजला एक कागद चिकटवलाय. चौघांच्या घरचे नंबर, कोण कुठल्या शिफ्टला, कोण किती वाजता येणार. एखादा तासभर उशिरा आला तर बाकीचे फोन करतात. मुलं वैतागतात, ‘काय हॉस्टेल आहे का?’ म्हणतात. पण कागद कुणी काढत नाही.

मीसुद्धा सुधारलेय. रविवारी आईनं विचारलं, ‘नाश्ता केलास का?’ तर म्हणते, ‘नाही गं, आत्ताच उठले.’