नक्कल कीं नातें?

ॲम्स्टरडॅमच्या पूर्वेकडील बंदरांत जावा बेट नांवाचा एक लांबट, अरुंद भूभाग आहे. ईस्ट इंडीजला जाणाऱ्या आगबोटी एके काळीं याच धक्क्यांना लागत. धक्क्यांचीं जावा व सुमात्रा हीं नांवें त्यावरूनच पडलीं. पुढें बोटी गेल्या, धक्के ओस पडले, आणि १९९० नंतरच्या दशकांत वास्तुकार श्यूर्ड सूटर्स यांच्या आराखड्याप्रमाणें तेथें वस्ती उभी राहिली. बेटाला आडवे छेद देऊन चार नवे कालवे काढले, व त्यांच्या कांठीं अरुंद, उंच घरें एकमेकांस खेटून बांधलीं. सतराव्या शतकांतील कालव्यांचें हें अनुकरण पाहून कित्येक पंडित, हा नाटकाचा पडदा आहे, म्हणून नाक मुरडतात.

आम्हांस हा आक्षेप मान्य नाहीं. जुन्या घरांचें येथें माप घेतलें आहे, मुखवटा नव्हे. दर्शनी भाग तरुण वास्तुकारांनीं आपापल्या कल्पनेनें, आजच्याच पद्धतीचे रचले आहेत. ज्यांना एवढेंही नातें सोसवत नाहीं, त्यांनीं बंदरोबंदरीं सारखेच दिसणारे कांचेचे मनोरे कोणत्या मातींतून उगवतात तें एकदां सांगावें!

आमची तक्रार निराळी आहे. जुन्या घरांच्या माथ्यावर माल ओढून घेण्यासाठीं तुळई व आंकडा असे. वर वखार, खालीं बिऱ्हाड. नव्या घरांत बिऱ्हाड तेवढें आलें, दाराशीं माल कांहीं उतरत नाहीं. पंडितांनीं याविषयीं खुशाल लिहावें. त्या वादांत आम्हीही त्यांच्याच बाजूस उभे राहूं.