साबण कपाटात, हात नळाखाली

आज १५ ऑक्टोबर. शाळाशाळांत आज दोन दिनविशेष आहेत. एक डॉ. कलामांच्या जयंतीनिमित्तचा वाचन प्रेरणा दिन, दुसरा २००८ पासून जगभर पाळला जाणारा हात धुण्याचा दिवस. पहिल्यासाठी कपाटातून पुस्तके निघतात, दुसऱ्यासाठी साबण. दुसऱ्या दिवशी साबण पुन्हा कुलपात. बाहेर ठेवला तर पोरे पळवतात म्हणे!

भंडाऱ्याला खेटून, नागपूर रस्त्यावर असलेले शहापूरच घ्या; गाव म्हणावे तर शहराला लागलेले. हातावर पोट असणाऱ्या अशा वस्त्यांना ‘हात धुवा’ हे ठाऊकच नाही, असे धरून आपण फलक रंगवतो. २०१८ च्या राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणातले चित्र वेगळे आहे. देशातल्या सुमारे ७४ टक्के घरांत शौचानंतर साबणाने हात धुतात. जेवणाआधी मात्र जेमतेम ३६ टक्के. म्हणजे साबण घरात आहे. पण तो मोरीत, आणि ताट चुलीपाशी.

भंडारा जिल्ह्यात घरोघरी विड्या वळल्या जातात. बाईच्या मांडीवर सूप, सुपात तंबाखू आणि कापलेली तेंदूची पाने. मजुरी हजार विड्यांमागे मोजली जाते, त्यामुळे उठले की नुकसान. लेकरू रडले की तंबाखूने माखलेली बोटे गुंडातल्या पाण्यात जेमतेम बुचकळायची आणि भात भरवायचा. तिला आरोग्याचे व्याख्यान नको. हात पुरेल तिथे साबण आणि तांब्याभर वाहते पाणी हवे.

कराचीच्या गरीब वस्त्यांत नेमके हेच करून पाहिले गेले. साबण घरपोच दिला, घरी जाऊन आठवण केली. मुलांचा अतिसार आणि पाच वर्षांखालच्यांचा न्यूमोनिया जवळपास निम्म्यावर आला. २००५ साली ‘लॅन्सेट’ने हे छापले. जंतुनाशक म्हणून मिरवणारा साबण साध्या वडीपेक्षा सरस ठरला नाही, हेही त्यातच आहे. जाहिरातवाले ते सांगणार नाहीत.

पैशांची सबब चालणार नाही. पंधराव्या वित्त आयोगाने २०२१-२६ साठी ग्रामपंचायतींना दिलेल्या निधीतला ६० टक्के वाटा पाणी आणि स्वच्छतेसाठीच राखून ठेवला. अंगणवाडीच्या दाराशी तोटीचा पिंप आणि जाळीत टांगलेली वडी, यासाठी मंत्रालय गाठावे लागत नाही. येत्या ग्रामसभेत हा विषय शहापूरच्या बायांनीच मांडावा आणि ठराव लिहून घेतल्याशिवाय उठू नये.