आघातानंतरचा आजार आणि त्याचे नाव

रोगाचे नाव चुकले, की रोग्याविषयीचे मतही चुकते, हा शास्त्रीय लेखनाचे भाषांतर करणाऱ्याचा नित्याचा अनुभव आहे. ज्यास आज ‘आघातोत्तर ताणविकार’ म्हणतात, त्याचा इतिहास पुष्कळ अंशी अशा चुकलेल्या नावांचाच इतिहास होय.

पहिल्या महायुद्धात तोफांच्या माऱ्यातून परतलेले कित्येक सैनिक, अंगावर जखम नसताना, थरथर कापत. काहींची वाचाच जाई. मानसशास्त्रज्ञ चार्ल्स मायर्स यांनी १९१५ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात अशा रुग्णांचे वर्णन करताना ‘शेल-शॉक’ हा शब्द योजिला. गोळ्याच्या स्फोटाने मेंदूस हादरा बसतो, अशी तेव्हाची कल्पना. पुढे स्फोटाच्या आसपास नसलेल्यांतही तीच लक्षणे आढळली. मग आजार शरीराचा नव्हे असे ठरले. आणि शरीराचा नव्हे, अर्थात भित्रेपणाचा, असे मानणारे अधिकारी थोडे नव्हते. हॅरी फार या ब्रिटिश सैनिकावर १९१५ मध्ये याच आजारासाठी कित्येक महिने उपचार झाले होते. आघाडीवर जाण्यास नकार दिला म्हणून १९१६ च्या ऑक्टोबरात त्यास भ्याड ठरवून गोळ्या घालण्यात आल्या. त्यास, आणि पलायन, भ्याडपणा अशा आरोपांवरून देहान्त शासन झालेल्या तीनशेंहून अधिक सैनिकांस, ब्रिटनने क्षमा केली ती २००६ साली. ‘क्षमा’ हा शब्दही येथे बेताचाच. क्षमा अपराध्यास करतात.

आजचे नाव अमेरिकेतील मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने १९८० मध्ये स्वीकारले. मराठीत मात्र आपण अजून ‘धक्का बसला’ एवढे म्हणून मोकळे होतो. धक्का ही क्षणाची गोष्ट. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीस जमीन हादरली व थोड्याच वेळात स्थिर झाली. पण दगडमातीच्या ढिगाऱ्याखालून जो जिवंत निघाला, त्याच्यापुरती ती स्थिर झाली असे कसे म्हणावे? पुढे कित्येक वर्षांनी, रस्त्याने मालमोटार जाऊन दाराची कडी खडखडली, तरी अशा माणसाची छाती धडधडू शकते. झालेला प्रसंग त्याला आठवत नाही, तो पुन्हा घडतो. त्याला दुःस्वप्ने पडतात, त्या जागा तो टाळतो, झोपेतही सावध असतो, घरच्यांविषयीची ओढ आटते. आरंभीचे काही आठवडे असे होणे स्वाभाविक असून बहुतेकांत ते आपोआप ओसरते. महिना उलटूनही ओसरले नाही आणि व्यवहार अडू लागला, तर तो विकार समजावा.

मेंदूत अमिग्डला नावाचे बदामाच्या आकाराचे, भयाची सूचना देणारे केंद्र आहे. या विकारात ते फाजील तत्पर होते. त्यास आवर घालणारा, कपाळामागील भाग उणा पडतो. स्मृतीला स्थळकाळाची चौकट देणारा हिप्पोकॅम्पस अनेक रुग्णांत लहान आढळतो. आघाताने मेंदू झिजला, असे यावरून लिहिण्याचा मोह होतो. परंतु व्हिएतनाममध्ये लढून आजारी पडलेले सैनिक व युद्धावर न गेलेले त्यांचे जुळे भाऊ यांच्या मेंदूंची तुलना २००२ साली प्रसिद्ध झाली, तेव्हा घरी राहिलेल्या भावांतही तो भाग लहानच दिसला. म्हणजे निदान काही अंशी ही ठेवण आधीचीच. ‘मेंदूला इजा’ हे शब्द म्हणूनच मी जपून वापरतो. ते रोग्यास विनाकारण हताश करतात.

हताश होण्याचे कारणही नाही. प्रशिक्षित उपचारकाच्या साहाय्याने, सुरक्षित वातावरणात, त्या प्रसंगाकडे क्रमाक्रमाने पुन्हा जाणे, हा या विकारावरील सर्वांत भरवशाचा उपचार. सर्ट्रालिन, पॅरोक्सेटिन यांसारख्या औषधांचाही अनेकांस गुण येतो. डॉक्टरांच्या सल्ल्यावाचून घेतलेल्या झोपेच्या गोळ्यांचा नव्हे. ‘झाले गेले विसरून जा’ हा आपला वडीलधारा उपदेश कितीही मायेचा असला, तरी उपचाराच्या नेमका उलट आहे, कारण टाळल्याने हे भय पोसले जाते. तथापि संकटाच्या दुसऱ्याच दिवशी वाचलेल्यांस घेरून सर्व हकीगत वदवून घेणेही हितकारक ठरलेले नाही. त्या वेळी निवारा, अन्न, आप्तांची खबर आणि कोणीतरी शेजारी बसणे, हेच पुरे.

केंद्र शासनाची ‘टेलि-मानस’ ही दूरध्वनीसेवा ऑक्टोबर २०२२ पासून चालू आहे. तिचा १४४१६ हा क्रमांक प्रत्येक शाळेच्या व ग्रंथालयाच्या फलकावर, वेळापत्रकाच्या शेजारी, लिहिलेला असावा.